आधी वाचावे, मग कापावे

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की घरोघरी माळे उतरविले जातात. वर्षभर अंधारात पडून राहिलेली मोठी पातेली खाली येतात, मोडक्या दांडीची छत्री येते, कधी काळी कोणीतरी वाजविलेली बुलबुलतरंगाची पेटी येते; आणि ह्या सर्वांच्या मागे, अगदी भिंतीला टेकून बसलेला, एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा हमखास निघतो. झाकण गंजलेले असल्यामुळे ते सहजासहजी उघडत नाही. चमच्याच्या दांड्याने उचकटले, की आत भेटकार्डांचा गठ्ठा दिसतो. समया, पणत्या, बर्फाच्छादित शिखरे, गुलाबाची फुले, सोनेरी कडा. गृहिणी क्षणभर थबकते. रद्दीवाला त्यांकडे नाक मुरडतो. बंबात घालावयास मन धजत नाही. ठेवावयास जागा नाही. अखेर 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणून तो डबा पुन्हा होता तिथे जाऊन बसतो.

त्या डब्याचे काय करता येईल, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे. आरंभीच एक कबुली देतो. मी कलाशिक्षक नव्हे. बेळगावातील एका सरकारी मराठी शाळेचा मी मुख्याध्यापक. आयुष्य भाषा शिकविण्यात गेले. हातात कात्री आली ती कार्यानुभवाच्या तासामुळे, आणि तीही शाळेत तो तास घेण्यास दुसरे कोणी नव्हते म्हणून. परंतु गेली कित्येक वर्षे मुलांबरोबर बसून जुन्या कार्डांचे कंदील, पेट्या आणि परड्या करता करता ह्या विषयात थोडीफार गती आली आहे. जे शिकलो त्यातील अर्धे हाताने शिकविले आणि उरलेले अर्धे एका चुकीने. ती चूकही सांगणार आहे. किंबहुना तिच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

कार्डांचा प्रवास

भेटकार्ड ही वस्तू तशी फार जुनी नाही. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळच्या दिवसांत येणाऱ्या पत्रांना उत्तरे लिहिणे अशक्य झाले. टपालखात्याच्या सुधारणांत ह्यांचाच हात होता. एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागल्यामुळे पत्रांचा पूर आला होता, आणि त्या पुरात तेही सापडले होते. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली ह्या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या, हाताने रंगविल्या आणि उरलेल्या एका शिलिंगाला एक ह्या भावाने विकावयास काढल्या. पहिले व्यापारी नाताळकार्ड म्हणतात ते हेच. म्हणजे भेटकार्डाचा जन्म पत्र लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून झाला. पुढे माणसांनी ह्याच कार्डांवर, छापील ओळींच्या आजूबाजूला मिळेल त्या जागेत, किती जीव ओतून लिहिले, हे पाहिले असते तर कोलसाहेबांना नवल वाटले असते.

दुसरी एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील मुलांना युनिसेफकडून मदत मिळाली. तेथील रुडोल्फोव्ह गावच्या यित्का सामकोव्हा ह्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढले. फेर धरून नाचणाऱ्या मुलींचे ते चित्र तिने काचेवर रंगविले, कारण कागद मिळत नव्हता. १९४९ साली त्याच चित्राचे युनिसेफचे पहिले भेटकार्ड झाले. आपल्याकडेही १९७९ साली मुंबईत मोजक्या मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर सुरू केलेल्या 'क्राय' ह्या संस्थेने मुलांच्या हक्कांच्या कामासाठी पैसा उभा केला तो भेटकार्डे विकून. जुने कार्ड उलटून त्याची पाठ पाहिली, की असे पुष्कळ काही हाती लागते. पाठीवर तोंडाने किंवा पायाने चित्र काढणाऱ्या कलावंताचे नाव दिसले, तर ते चित्र कापण्यापूर्वी मुले आपण होऊन थांबतात, हा माझा अनुभव आहे.

आपल्या घरांतून कार्डांचे दोन हंगाम असत. दिवाळीची कार्डे मोठी आणि गुळगुळीत. संक्रांतीची मात्र लहानखुरी. त्यांना एका कोपऱ्यात चिमूटभर तीळ किंवा हलव्याची इवलीशी पुडी चिकटविलेली असे, आणि टपालातून येता येता तिचा चुरा झालेला असे. काटकसरी मंडळी पाकीट न चिकटविता, झाप आत खोचून, बुकपोस्टाच्या कमी दराने कार्ड धाडीत. ज्यांना चार शब्द अधिक लिहावयाचे असत, ती पूर्ण हशील भरीत. बडोद्याची आत्या, हैदराबादचे काका, लष्करात गेलेला शेजारचा मुलगा ही सारी माणसे वर्षातून एकदा ह्या कागदी दाराने घरात येत आणि टेबलाच्या काचेखाली पुढच्या दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकीत.

आता शुभेच्छा दूरध्वनीच्या पडद्यावर येतात आणि वर सरकून जातात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. त्या वेळेवर पोहोचतात आणि फुकट पोहोचतात. परंतु त्यामुळे माळ्यावरच्या डब्यात आता भर पडत नाही. जे आहे तेवढेच आहे. त्यातील एक कार्ड कापले, की ते कायमचे कापले. कात्री हाती घेणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मी ती ठेवली नव्हती.

वीस वर्तुळांचा कंदील

प्रथम कृती सांगतो, कारण ती कळल्याखेरीज पुढील हकीकत कळावयाची नाही.

जुन्या कार्डांपासून होणाऱ्या वस्तूंत सर्वांत देखणी वस्तू म्हणजे वीस वर्तुळांचा गोल कंदील. त्यासाठी दहा कार्डांची मुखपृष्ठे लागतात. नेहमीच्या आकाराच्या एका मुखपृष्ठातून साडेसात सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळे निघतात. वर्तुळे सर्व एकाच मापाची हवीत; म्हणून एक वर्तुळ जाड पुठ्ठ्याचे कापून तोच साचा धरावा. कंपासने वर्तुळ काढल्यावर कंपासचे अंतर न बदलता परिघावर एकामागून एक खुणा केल्या, तर बरोबर सहा खुणा होतात. एक सोडून एक खूण जोडली, की आत समभुज त्रिकोण तयार होतो. भूमितीच्या पुस्तकात जी रचना मुले परीक्षेपुरती पाठ करतात, ती येथे हाताला कळते, आणि जी रचना हाताला कळली ती सहसा विसरत नाही.

त्रिकोणाच्या तीन बाजूंवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाने दाबून रेघ ओढावी. ह्या दबलेल्या रेघेवर कार्ड सरळ दुमडते. एरवी ते वाकडेतिकडे तडकते. त्याचे कारण कागदाच्या जन्मात आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात. त्या दिशेने कार्ड विनातक्रार दुमडते. आडव्या दिशेने दुमडले, तर वरचा छापील थर फुटून पांढरी चीर दिसते. कार्ड दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिले, तर ते कोणत्या दिशेने सहज वळते हे बोटांनाच कळते. त्रिकोणाला मात्र तीन बाजू. त्यांतील एखादी तरी तंतूंच्या आड येणारच. म्हणून रेघ दाबून घेण्याचा कंटाळा करू नये.

आता चित्राची बाजू वर धरून तिन्ही झापा चित्राकडे, म्हणजे आपल्या दिशेने, वर दुमडावयाच्या. दोन वर्तुळांच्या झापा पाठीला पाठ लावून चिकटवावयाच्या. कार्डाच्या गुळगुळीत बाजूवर खळ धरत नाही. येथे कोरी बाजू कोऱ्या बाजूला लागत असल्यामुळे ती पक्की बसते, आणि झापांच्या आतील बाजूचे चित्रही बाहेरून दिसत राहते. पाच वर्तुळांची टोके एका बिंदूत आणून टोपीसारखा वरचा भाग करावा. तसाच दुसऱ्या पाचांचा खालचा भाग. उरलेली दहा वर्तुळे, एकाचे टोक वर तर शेजारच्याचे खाली, अशा क्रमाने जोडून पट्टा करावा आणि त्याची दोन टोके जुळवून कडे तयार करावे. वरच्या टोपीच्या मध्यातून दोरा ओवून आत गाठ मारावी, मग दोन्ही टोप्या कड्याला जोडाव्यात. नारळाहून थोडा मोठा, टणक आणि वजनाला हलका असा गोल हाती येतो. त्याला वीस तोंडे, तीस कडा आणि बारा कोपरे असतात. कोपऱ्यांतून कडा वजा करून तोंडे मिळविली, तर उत्तर दोन येते. कोणत्याही सपाट बाजूंच्या, भोके नसलेल्या भरीव आकाराला ही बेरीज-वजाबाकी लागू पडते हे ऑयलरने दाखविले. सातवीच्या मुलांना मी हे सिद्ध करून दाखवीत नाही. चौकोनी खोका, त्रिकोणी पिरॅमिड आणि हा कंदील ह्यांवर नुसते मोजावयास सांगतो. तिन्ही वेळा दोन येतात तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती मला पुष्कळ पुरते.

दिवा लावावयाचा असल्यास मधल्या दहा त्रिकोणांत लहान खिडक्या कापून त्यांना आतून पतंगाचा कागद लावावा आणि खालची टोपी उघडी ठेवून आत बारीकसा एलईडी दिवा सोडावा. पणती किंवा मेणबत्ती कदापि ठेवू नये.

चिकटविण्यासाठी आम्ही मैद्याची खळ वापरतो. एक वाटी मैदा पाच वाट्या थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावा आणि मंद आचेवर, सतत ढवळीत, पारदर्शक झाक येईपर्यंत शिजवावा. किडीसाठी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या कामात घालू नये. त्याऐवजी खळ दोन दिवसांपुरतीच करावी. ही खळ सरकारी शाळेला परवडते म्हणून आम्ही वापरीत होतो. तिचा दुसरा गुण पुढे अकस्मात कळला.

व्हरांड्यातील सकाळ

२०१२ सालच्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. सातवीच्या मुलांना मी घरून जुनी कार्डे आणावयास सांगितले होते. सूचना देताना मी फार शहाणपणा केल्याचे समाधान मला होते, कारण मी म्हटले होते, "मजकुराचे पान घरी ठेवा, चित्राचे पान तेवढे आणा." मुलांनी तसेच केले. तीन तासांत वर्तुळे कापून झाली, दोन तासांत कंदील जुळला. शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी आम्ही तो व्हरांड्यात टांगला. वाऱ्याने तो संथपणे फिरत राहिला. मला स्वतःचा थोडासा अभिमानही वाटला असावा.

सोमवारी सकाळी प्रार्थना होण्यापूर्वीच एक बाई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मागे त्यांची मुलगी, मान खाली घातलेली. आमच्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, त्यामुळे फौजेतील घरे शाळेला नवी नाहीत. ह्या मुलीचे वडील फौजेत होते आणि ती लहान असतानाच आजारपणात वारले होते, हे मला ठाऊक होते.

"सर, एक विचारू काय?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरची कार्डं आहेत काय ह्या कंदिलात?"

मी मुलीकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलविली.

"मजकुराची पानं तिनं घरीच ठेवली आहेत, ताई," मी म्हणालो. "मी तसंच सांगितलं होतं."

"होय सर. पण त्यांची सवय निराळी होती. उजवीकडं इंग्रजी छापलेलं असायचं ना, तिथं नुसती सही करायचे. लिहायचे ते चित्राच्या मागं."

मी खुर्चीतून उठलो. काय झाले ते माझ्या ध्यानात आले. मजकूर उजव्या पानावर असतो असे मी गृहीत धरले होते. पान उलटून पाहण्याचे मलाही सुचले नव्हते आणि मुलांनाही मी सांगितले नव्हते. मुलीने चार कार्डे आणली होती, आणि त्यांतील दोघांच्या पाठीवर तिच्या वडिलांचे अक्षर होते. ते अक्षर आता चार वर्तुळांत कापले जाऊन, झापांना खळ लागून, कंदिलाच्या पोटात बंद झाले होते. बाहेर गुलाबाची फुले दिसत होती.

त्या बाई एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

कंदील उतरविला. टेबलावर वर्तमानपत्र पसरले, वाटीत पाणी घेतले आणि ओल्या फडक्याने त्या चार वर्तुळांच्या झापा भिजवावयास सुरुवात केली. मैद्याची खळ पाण्याने सुटते. पुस्तके बांधणारे जुने लोक तिच्यावर का विसंबत, ते त्या दिवशी समजले. एकदा चिकटविलेले पुन्हा उलगडता येण्याची सोय तिच्यात असते. बाजारातील पांढरा डिंक वाळला असता, तर कागदाची साल निघाल्याखेरीज झापा सुटल्या नसत्या. लिहिलेले बॉलपेनाने होते. ती शाई तेलातली, पाण्याने पसरली नाही. अर्ध्या तासात चारही वर्तुळे मोकळी झाली.

उरली ती कातरणे. लगद्याच्या कामासाठी आम्ही ती एका पिशवीत ठेवीत असू, म्हणून ती झाडूबरोबर गेली नव्हती. पिशवी जमिनीवर ओतली. मी, त्या बाई, ती मुलगी आणि प्रार्थनेला न जाता दाराशी घोटाळणारी तिच्या वर्गातील तीन मुले, असे सहाजण गुडघ्यांवर बसून गुलाबाच्या पाकळ्या असलेली कातरणे वेचीत होतो. चित्र जुळले, की उलट्या बाजूचा मजकूर आपोआप जुळे. दुपारपर्यंत दोन्ही पाने जवळजवळ उभी राहिली. एका पानात आठ आण्याच्या नाण्याएवढे भोक मात्र राहिले. तो तुकडा शेवटपर्यंत सापडला नाही.

मजकूर वाचावयाचा नाही असे मी ठरविले होते. परंतु त्या बाईंनीच बोट ठेवून एक ओळ दाखविली. 'बाळीच्या पायाचं माप कागदावर उतरवून धाडा. इकडं थंडीचे बूट चांगले मिळतात.' बाळी म्हणजे ती माझ्यासमोर बसलेली मुलगी.

"धाडलं होतं मग माप?" मी विचारले.

"धाडलं होतं. बूटही आले. आणि तो मापाचा कागद ते गेल्यावर त्यांच्या पेटीत सापडला. घडी घालून ठेवला होता." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तो मी कुणाला दिला नसता. कार्डांवर मात्र माझं लक्ष नव्हतं, सर. हिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी मुलीची बाजू घेतली. विचारून आणा, असे मी तिला सांगितलेच नव्हते. चूक माझी होती आणि ती मी वर्गासमोर तशीच सांगितली. भोकाच्या जागी काय होते, ते लिहून ठेवावे का, असे मी त्या बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नको. तिथं काय होतं ते मला पाठ आहे."

ती दोन पाने जाड कागदावर बसवून आम्ही त्यांना परत केली. घड्यांचे वळ राहिले ते राहिलेच. जाताना त्या म्हणाल्या, "उरलेल्या दोन कार्डांची वर्तुळं राहू द्या कंदिलात. मागं कोरीच आहेत ती." कंदिलाला चार भोके पडली होती. ती भरण्यासाठी मी स्वतःच्या घरची दोन कार्डे आणण्याचे कबूल केले. त्या रात्री आमचा पत्र्याचा डबा मी उघडला. दोन मुखपृष्ठे काढून घेणे, हे पाच मिनिटांचे काम. मला तीन तास लागले, कारण ह्या वेळी मी प्रत्येक कार्ड उलटून वाचले. बडोद्याच्या आत्याने माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेल्या चार ओळी मी त्या रात्री बहुधा प्रथमच नीट वाचल्या. कार्ड आले तेव्हा चित्र पाहून ते काचेखाली सरकविले असावे. उत्तर धाडल्याचे मला आठवत नाही. आत्या आता नाहीत.

तीन ढीग

त्या वर्षापासून आमच्या वर्गाच्या फळ्यावर ह्या तासाला एकच वाक्य असते: 'आधी वाचावे, मग विचारावे, मग कापावे.' ह्या क्रमात बदल नाही.

डबा उघडल्यावर कार्डांचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात हाताने काही सांगितलेली कार्डे. मग ते पाठीवर असो, कडेला असो किंवा छापील ओळींच्या मधल्या जागेत असो. ह्यांना कात्री लावावयाची नाही. मुलांनी स्वतः रंगवून केलेली कार्डेही ह्याच ढिगात जातात. दुसऱ्या ढिगात नुसती सही असलेली कार्डे. ह्यांचे मुखपृष्ठ घ्यावे आणि सही जपून कापून, जी वस्तू होईल तिच्या आत किंवा तळाशी चिकटवावी. तिसऱ्या ढिगात दुकाने, पतपेढ्या आणि कंपन्या ह्यांची छापील नावाची कार्डे. ह्यांवर हात मोकळा चालवावा. ढीग करताना घरातील वडीलधारे माणूस जवळ बसलेले असावे. कोणते अक्षर कोणाचे, हे त्यालाच ठाऊक असते.

अमेरिकेतील नेवाडा राज्यातील सेंट ज्यूड्स रँच ह्या बालसंस्थेने लोकांकडून वापरलेल्या कार्डांची मुखपृष्ठे मागवून, त्यांना नवी पाठ जोडून, नवी कार्डे करण्याचा उपक्रम चालविला. मुखपृष्ठाच्या मागे काहीही लिहिलेले नसावे, अशी त्यांची अट असे. त्यांची अट नव्या कार्डाच्या सोयीसाठी होती. आमची पुनर्जुळणीच्या त्या दुपारी झालेली. दोन्ही अटी मात्र एकच काम सांगतात: पान उलटून पाहा.

काही वाचक म्हणतील, जुना कागद लगद्याला द्यावा, हेच उत्तम. साध्या कागदाबद्दल ते खरे आहे. परंतु भेटकार्डावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, सोनेरी वर्ख किंवा चमकी असते, आणि अशा मालाने लगद्याचे काम बिघडते. ती कार्डे आहेत त्या रूपातच पुन्हा वापरणे, हा त्यांचा अधिक चांगला उपयोग होय.

पेटी, परडी आणि गणपती

कंदिलाइतका धीर नसलेल्यांनी पेटीपासून आरंभ करावा. कार्ड घडीवर कापून दोन पाने वेगळी करावीत. चित्राच्या पानाचे झाकण, कोऱ्या पानाचा तळ. तळाचे पान लांबीला आणि रुंदीला तीन-तीन मिलिमीटर कमी करावे, म्हणजे झाकण वर सैलसर बसते; हे विसरल्यामुळे प्रत्येकाची पहिली पेटी वाया जाते. दोन्ही पानांच्या आतील बाजूने चारही कडांपासून अडीच सेंटिमीटर अंतरावर रेघा दाबून घ्याव्यात. दोन आखूड बाजूंकडून कोपऱ्यातल्या चौकोनापुरते छेद द्यावेत, बाजू उभ्या कराव्यात आणि कोपऱ्यांच्या झापा आत चिकटवाव्यात. संक्रांतीला चार-सहा तिळाच्या वड्या देण्यास ही पेटी अगदी योग्य. आत मात्र बटरपेपर घालावा, कारण छपाईची शाई खाण्याला लागू नये.

परडीचे काम आमच्या आईच्या पिढीचे. दोन कार्डे पाठीला पाठ लावून एकाच आकारात कापावयाची, कडेने अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर दाभणाने भोके पाडावयाची आणि लोकरीने काजटाका घालावयाचा. अशा सहा पाकळ्या आणि एक षट्कोनी तळ एकमेकांना लोकरीनेच गुंफले, की परडी होते. तिच्यात खळ नाही, डिंक नाही. कितीतरी घरांत देवघराजवळ वाती ठेवावयास अशी परडी असे. त्याच काळी नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे आणि बाळाच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने करताना, फुलांना आणि मुकुटाला आधार म्हणून आतून जुन्या कार्डाचाच पुठ्ठा कापून लावीत.

भेटकार्डे आटली, तरी लग्नपत्रिका येतच आहेत. हाच आता आमचा मुख्य कच्चा माल. आमच्या सीमाभागात एकाच पत्रिकेत एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस कन्नड मजकूर असणे हे नित्याचे. कंदिलात ती दोन्ही वर्तुळे शेजारी येतात आणि पाठीला पाठ लावून एकमेकांना घट्ट धरून राहतात. पत्रिकेवरील गणपतीचा प्रश्न मात्र प्रत्येक घरात पडतो. तो फेकवतही नाही आणि ठेवून किती ठेवणार? आम्ही तो नाजूकपणे कापून घेतो. एका मोठ्या पुठ्ठ्यावर असे साठ-सत्तर गणपती, प्रत्येकाची सोंड निराळी, प्रत्येकाची बैठक निराळी, रचून बसविले, की ऑफिसच्या भिंतीवर लावण्यासारखे सुंदर चित्र होते. पुस्तकातल्या खुणेसाठी किंवा कंदिलाच्या खालच्या टोपीसाठी देवाचे चित्र घेऊ नये. ते पायदळी जाण्याचा संभव असतो. मंगळसूत्राइतक्या बारीक सोनेरी नक्षीच्या कडा पत्रिकेला असतात, त्यांची मात्र उत्तम तोरणे होतात.

पत्रिकेलाही नियम तोच. वाचून पाहावे. आजोबांच्या नावापुढे कोणी पेन्सिलीने तिथी लिहिलेली असते, कोणी मागे आहेराची यादी केलेली असते.

शेवटी

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव सुचविला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य असे त्याला नाव दिले. नावे बदलत गेली, आणि वेळापत्रकात तो तास बहुधा शनिवारच्या शेवटच्या जागी ढकलला गेला. त्या तासाने मुलांच्या हाताला वळण लागते, भूमिती कळते, टाकाऊचे टिकाऊ होते हे सर्व खरे. पण 'टाकाऊ' कशाला म्हणावयाचे, हे आधी ठरवावे लागते, आणि ते वाचल्याखेरीज ठरत नाही. भाषेच्या शिक्षकाला हे कात्रीने शिकवावे, ह्यात थोडी लाज आहे. पण शिकलो हे खरे.

तो २०१२ सालचा कंदील अजून आमच्या शाळेच्या कपाटावर आहे. रंग विटले आहेत, एक कोपरा दबला आहे. दर दिवाळीपूर्वी नव्या सातवीला मी तो खाली काढून दाखवितो. सोळा वर्तुळांहून चार वर्तुळे थोडी निराळी दिसतात, ती का, असे कोणीतरी विचारतेच. मग मी त्यांना ही हकीकत सांगतो, आणि सांगून झाली, की कात्र्या वाटण्यापूर्वी म्हणतो, "आता आपापली कार्डे उलटी करा."